एकाच फॉर्मवरच्या दोन खुणा

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, अहिल्यानगर



भाद्रपदात आमच्या वस्तीवर आशाताई आल्या होत्या. तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म भरायचा असतो, तो घेऊन. आईचं वय ८१. ओट्यावर बसून आशाताई एकेक प्रश्न विचारत होत्या आणि आईच्या वतीनं मी उत्तरं देत होतो. धूसर दिसतं का? हो. ऐकायला त्रास होतो का? हो. दोन्हींपुढं खुणा झाल्या. मग साठीवरच्यांसाठीचे प्रश्न आले. जवळच्या माणसांची नावं विसरतात का? मी काही बोलायच्या आत त्यांनीच आईकडं वाकून मोठ्यानं विचारलं, "आजी, ह्यांचं नाव काय?" आईनं मान तिरकी केली, भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाली, "बाजरी सोंगायची राह्यलीय आजून."

आशाताईंचं पेन त्या चौकटीवर टेकलं होतं. मी म्हटलं, "थांबा ताई." आईच्या मनगटाला हात लावला, तिच्या डाव्या बाजूला सरकलो, तोंड उजेडाकडं केलं आणि तोच प्रश्न सावकाश विचारला. आईनं माझं नाव सांगितलं, नातवंडांची सांगितली, आशाताईंच्या सासूचंसुद्धा सांगितलं आणि वर विचारलं, "तिच्या गुडघ्याचं काय झालं गं?"

विसरभोळेपणाची ती खूण टळली. ज्या घरात "थांबा ताई" म्हणायला कोणी नसतं, तिथं ती होत असणार. हे पत्र त्या घरांसाठी आहे.

मी पाथर्डी तालुक्यातला. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये ३१ वर्षं शिकवून निवृत्त झालो. बाराखडी शिकवण्यात आयुष्य गेलं, तरी ऐकण्यातली बाराखडी मला आईच्या कानांनी शिकवली. म्हातारपणी कान सगळा एकदम जात नाही. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, त, थ, फ, ख ही व्यंजनं त्यात येतात. स्वर जाड, ते राहतात. त्यामुळं म्हातारं माणूस म्हणतं, "ऐकू येतं, पण कळत नाही," आणि ते अगदी खरं असतं. साखर आणि भाकर यांत त्याच्या कानाला फरकच उरत नाही. माझी बायको विचारायची, "चहात साखर टाकू का?" आई म्हणायची, "नको, आत्ताच खाल्ली."

बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज उंच पट्टीतला, म्हणून तो आधी हरवतो. माझा आवाज जाड. आईला माझं बरंचसं कळायचं, सुनेचं कळायचं नाही. दोन वर्षं आमच्या घरात यावरून धुमसत होतं. बायको म्हणायची, "तुमचं बरं ऐकू येतं त्यांना." आणि मीही मनातून धरून चाललो होतो की आई मुद्दाम करते. दोघींनी एकमेकींशी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. किती घरांत सासू-सुनांची भांडणं म्हणून जे चालतं, ते असं कानातलं भांडण असेल, याचा विचार आजही मला स्वस्थ बसू देत नाही.

मग आम्ही ओरडायला लागलो. ओरडलं की स्वर फुगतात, व्यंजनं होती तेवढीच राहतात, आणि बोलणाराचं तोंड मात्र रागावल्यासारखं दिसतं. शिवाय अशा कानाला हळू बोललेलं पोचत नाही आणि जरा जोरात बोललं की टोचतं. आई म्हणायची, "वरडतोस कशाला?" दोन वाक्यांमागं तिनंच म्हटलेलं असायचं, "काय म्हणालास?" माझी चिडचिड व्हायची. ती मी तिच्यावर काढली आहे.

२०२० साली सगळ्यांच्या तोंडाला मास्क लागले आणि आई आठ दिवसांत बहिरी झाल्यासारखी झाली. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की ती इतकी वर्षं अर्धं आमच्या ओठांवरून ऐकत होती. तिला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. मास्क निघाले, ती पुन्हा थोडी सावरली. पण पुढच्या दोन वर्षांत डोळ्यांनी दगा दिला. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू आधीच काढलेला होता, तो प्रश्न नव्हता. दृष्टिपटलाचा मधला भाग झिजला. बघायला जावं तिथंच डाग, कडेकडेनं मात्र दिसतं. म्हणून ती माणसाकडं बघताना मान फिरवते. तिच्या दृष्टीनं ते तुमच्याकडं बघणं असतं, समोरच्याला वाटतं म्हातारीनं तोंड फिरवलं.

मधला डाग वाढला तशी ओठांची मदत गेली. आम्ही कान पुन्हा तपासले, तर कानांचा आलेख पूर्वीएवढाच होता. कान होते तिथंच होते, डोळे गेले म्हणून ऐकणं गेलं.

साहेब, माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. माणसाच्या अंगात डोळे आणि कान एकमेकांच्या आधारानं चालतात. आपल्या व्यवस्थेत मात्र त्यांची खाती वेगळी. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ सालचा, बहिरेपणाचा २००६-०७ मधला, ज्येष्ठांच्या आरोग्याचा २०१०-११ मधला. तिन्ही चांगले आहेत. मोतीबिंदूच्या शिबिरांनी या जिल्ह्यातल्या असंख्य म्हाताऱ्यांना पुन्हा दिसायला लागलं आहे, माझी आई त्यांतलीच. पण डोळ्यांच्या शिबिरात कानाचं कोणी विचारत नाही आणि कानांच्या शिबिरात डोळ्यांचं.

यातून काय होतं ते दोन प्रसंगांतून सांगतो. कुणाचं नाव घेत नाही, कारण माणसं कळकळीनंच काम करत होती. डोळ्यांच्या एका शिबिरात आईचा नंबर पुकारला, तो तिला ऐकू आला नाही आणि मी पाणी आणायला गेलो होतो. ती रांगेतून मागं गेली. पुढं तक्त्यावरची चिन्हं विचारली, तर तिला चिन्हं दिसत नाहीत की प्रश्न कळला नाही, हे ठरवायला तिथं कोणाला सवड नव्हती. काहीतरी लिहिलं गेलं. दुसरं शिबिर श्रवणयंत्रांचं. खोक्यातलं यंत्र मिळालं, दोन मिनिटं समजावून सांगितलं. त्याचा सेल हरभऱ्याच्या दाण्याएवढा. त्यावरचा कागद सोलायचा, अधिकची बाजू ओळखायची, बारीक खाचेत बसवायचा. ज्या बाईला ताटातली भाकरी चाचपून घ्यावी लागते, तिनं हे करायचं. पंधरा दिवसांत पहिला सेल संपला आणि यंत्र देवळीत गेलं. ते चांगलं होतं, फुकट मिळालेलं होतं. चार महिने तिथंच पडून होतं.

दाखल्याचंही तेच. दिव्यांगांच्या सवलतींना निदान ४० टक्के लागतात. धरून चालू, की एखाद्या आजोबांचे डोळे ३० टक्के भरले आणि कान ३० टक्के. डोळ्यांच्या दिवशी गेले, कमी भरले म्हणून परत. कानांच्या दिवशी गेले, पुन्हा परत. पण केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत दोन व्यंगं एकत्र मोजायचं सूत्र आहे. मोठा आकडा पूर्ण घ्यायचा, ९० मधून तो वजा करून जो उरेल त्याला ९० नं भागायचं आणि तेवढ्या प्रमाणात लहान आकडा त्यात मिळवायचा. ३० आणि ३० चे यात ५० होतात. म्हणजे कायद्याला कळलेलं आहे की दोन उणिवा एका अंगात आल्या की काय होतं. दिवस वेगळे असल्यामुळं ती बेरीज कोणी मांडतच नाही. आमच्या गावापासून नगर ५० किलोमीटर. ७५ वर्षांपुढच्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे, त्याचा फार मोठा आधार आहे. पण ज्याला गाडीवरची पाटी वाचता येत नाही आणि पुकारलेलं ऐकू येत नाही, त्याच्यासोबत एक माणूस जातो, आणि त्या माणसाची दरवेळी एक मजुरी जाते.

घरात आम्ही काय काय केलं ते मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागलेला नाही.

आईशी बोलण्याआधी तिला हात लावायचा. पाठीमागून नाही, मनगटाला, आणि हात लगेच काढायचा नाही. नाहीतर ती दचकते. प्रत्येकाची ओळख ठरलेली आहे. बायको आपल्या बांगड्यांवर तिची बोटं ठेवते. मी घड्याळावर. नात वेणी हातात देते. धाकटा नातू तिच्या तळहातावर दोनदा टिचकी मारतो. हे आम्ही ठरवलं नव्हतं, वेणीपासून आपोआप सुरू झालं आणि बाकीच्यांनी उचललं. आता ओळख पटली की ती स्वतःच विषय काढते. सुनेशी तिचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते बांगड्यांमुळं.

बोलणाऱ्यानं हातभर अंतरावर, तिच्या डाव्या बाजूला बसायचं, कारण डाव्या डोळ्याची कड अजून चांगली आहे. उजेड आपल्या तोंडावर हवा. दाराकडं पाठ करून बसलं की आपलं तोंड तिला काळं दिसतं. टीव्ही बंद, पंखा बारीक. एका वेळी एकानं बोलायचं. आधी विषय सांगायचा, मग वाक्य. "शेताचं सांगतो," असं म्हटलं की पुढचे निम्मे शब्द तिला अंदाजानं लागतात. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता दुसऱ्या शब्दांत म्हणायचं. भाकर कळत नसेल तर जेवण म्हणायचं.

स्टीलच्या ताटात तिला भात दिसत नाही. बाजरीची भाकरी दिसते. भातासाठी गडद निळं प्लास्टिकचं ताट आणलं, त्या दिवशी ती पोटभर जेवली. आम्हाला वाटत होतं तिची भूक मेली आहे. उंबऱ्याला आणि ओट्याच्या कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा मारला. दारापासून न्हाणीपर्यंत पांढरा दोर बांधला. घरातली वस्तू हलवायची नाही, हा नियम नातवंडांनी आमच्यापेक्षा चांगला पाळला.

श्रवणयंत्राची पुन्हा सुरुवात केली ती कानांची रीतसर तपासणी करून, तिच्या कानाच्या मापाचा साचा घेऊन. पहिले दिवस रोज तासभर, तेही शांत खोलीत. यंत्र सगळंच मोठं करतं. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात पातेलं पडलं आणि तिनं ते काढून फेकलं होतं. सेल बदलायचं काम नातवाचं, रविवारी सकाळी, संपो न संपो.

आता थोडं नाजूक आहे. गेल्या वर्षी आई सांगायला लागली, की समोरच्या भिंतीवर फेटे बांधलेली छोटी छोटी माणसं बसतात. रंगीत. बोलत नाहीत, त्रास देत नाहीत. संध्याकाळी जास्त येतात. गावात कोणी म्हणालं बाहेरचं आहे, कोणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला. उतारे सुचवणारे आले. नगरच्या एका नेत्रतज्ज्ञांनी पाच मिनिटांत उलगडा केला. डोळ्यांकडून येणारी चित्रं कमी झाली की मेंदू कधी कधी आपलीच चित्रं मांडतो. चार्ल्स बॉने नावाच्या स्विस अभ्यासकानं १७६० मध्ये आपल्या आजोबांना दिसणाऱ्या अशाच चित्रांबद्दल लिहून ठेवलं आणि त्याच्याच नावानं हा प्रकार ओळखला जातो. हे वेड नाही. डॉक्टरांनी ते आईच्या कानाशी नीट सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "मला वाटलं मीच येडी झाले." किती महिने तिनं ते एकटीनं सोसलं असेल. आता ती माणसं आली की ती सांगते, आणि आम्ही दिवा लावतो.

म्हणून त्या विसरभोळेपणाच्या चौकटीची मला इतकी भीती वाटते. न ऐकणारं, न दिसणारं माणूस भलतंच उत्तर देतं, भिंतीवर माणसं बघतं, आणि घर ठरवून टाकतं की म्हातारीचं डोकं गेलं. मग तिच्याशी बोलणंच बंद होतं. आणि लॅन्सेटच्या तज्ज्ञगटानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या जोखमीची टाळता येण्याजोगी जी १४ कारणं मांडली, त्यांत उपचार न केलेलं ऐकू न येणं आहे आणि उपचार न केलेलं न दिसणंही आहे. म्हणजे आज चुकून लावलेलं लेबल, काही केलं नाही तर, उद्या खरं होण्याची वाट मोकळी होते.

आता मागणं. नवी योजना मागत नाही. फॉर्म तुमच्याकडं आहेच, त्यात दोन्ही प्रश्न आहेत. ज्या फॉर्मवर दिसण्याच्या आणि ऐकण्याच्या, दोन्ही प्रश्नांपुढं खूण असेल, तो वेगळा काढायला सांगा. ती यादी गावनिहाय आरोग्य केंद्रात असू द्या. त्या माणसांचे डोळे आणि कान एकाच दिवशी, एकाच छताखाली तपासले जावेत, आणि आकडे ४० च्या खाली असले तरी बेरीज मांडल्याशिवाय कोणाला परत पाठवू नये. आणि स्मरणशक्तीचा प्रश्न अशा माणसाला विचारण्याआधी हात लावून, तोंड उजेडात आणून विचारावा, एवढी एक ओळ आशाताईंच्या प्रशिक्षणात यावी.

त्याआधीची पायरी उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना करता येईल. कान उघडून बघणं. कित्येकदा आत नुसता मळाचा खडा असतो, तो निघाला की निम्मं काम होतं. आमच्याकडं कानात लसणाचं गरम तेल ओतायची सवय आहे. पडद्याला भोक असलं तर त्यानं नुकसान होतं, हे तिथंच सांगता येईल. मागं उभं राहून कुजबुजत आकडे म्हणायचे आणि तीन मीटरवरून बोटं मोजायला लावायची, या चाचण्यांना यंत्र लागत नाही.

सेलचं काहीतरी करा. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्यांना साधनांसाठी ३००० रुपये एकदाच मिळतात. सेल दर आठ-पंधरा दिवसांनी लागतो आणि खेड्यातल्या औषधाच्या दुकानात तो मिळत नाही. ग्रामपंचायतींच्या स्वउत्पन्नातला दिव्यांगांसाठीचा ५ टक्के निधी आहे. त्यातून आरोग्य केंद्रात सेलच्या पट्ट्या ठेवता आल्या आणि उंबऱ्यांना पिवळा रंग देता आला, तर देवळ्यांतली कितीतरी यंत्रं पुन्हा कानाला लागतील.

वेळेचं एक सांगतो, कारण ते आमच्या भागाचं आहे. पाथर्डी-शेवगावकडच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. गाळप संपून पट्टा पडेपर्यंत वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं राहतात. दार कोणी वाजवलं ते ऐकू येत नाही, कोण आलं ते दिसत नाही. फोनवर आलेला ओटीपी वाचता येत नाही आणि मुलाचा फोन आला तरी कळत नाही. श्रावणबाळ योजनेचे दरमहा १५०० रुपये त्यांच्या नावावर येतात. श्रावणाचे आईवडील आंधळे होते, पण त्यांना ऐकू येत होतं. दशरथाची पावलं त्यांनी ऐकली होती. आमच्या वस्तीवरच्या काहींना तेवढंही उरलेलं नाही. तपासणी करायची तर टोळ्या निघायच्या आत करा, म्हणजे मुलगा-सून शिकून जातील आणि शेजारी कोणी तरी ठरवून जातील.

शिकवून होईल का, असं कोणी म्हणेल. आपल्याच जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. त्यांनी गावातल्या बायकांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, आरोग्य सेविका केलं. त्या बायकांनी बाळंतपणं सुखरूप केली, कुष्ठरोग ओळखले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि देशोदेशीची माणसं जामखेडला बघायला आली. त्या जिल्ह्यात सुनांना आणि नातवंडांना मनगटाला हात लावून बोलायला शिकवणं अवघड नाही. आणि नगरजवळ अरणगावला मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला मौन धरलं ते १९६९ मध्ये देह ठेवीपर्यंत. कित्येक वर्षं ते अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून बोलत, पुढं नुसत्या हातांच्या खुणांनी, आणि सोबतची माणसं ते भराभर वाचत. त्यांनी मौन आपणहून घेतलं होतं, आईवर ते आलं आहे. पण भोवतालच्या माणसांना नवी बोली शिकता येते, हे या मातीनं पाहिलेलं आहे.

आशाताईंची मासिक बैठक असते. त्यांच्यावर आधीच कामाचा केवढा भार आहे हे मी रोज बघतो, म्हणून अर्ध्या तासापेक्षा जास्त मागत नाही. त्या अर्ध्या तासात शिकवायला मी येईन, मानधन नको. आई म्हणते तीही येईल. तिला आणायची जबाबदारी माझी. फक्त तिच्याशी बोलणाऱ्याला दाराकडं तोंड करून बसायची जागा ठेवा, पंखा बंद ठेवा, आणि तुम्ही स्वतः आलात तर तिच्या डाव्या बाजूला बसा. आधी मनगटाला हात लावा. तुम्ही कोण ते ती विचारील.

आपला,
पाथर्डी तालुक्यातला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक